रंग गेला कुठे?

सोनगावला सोनेश्वराच्या देवळापाशी कऱ्हा नीरेला मिळते. तिथून नीरा इंदापूर तालुक्याची दक्षिण कड धरून वाहते आणि नरसिंहपूरला भीमेत शिरते. तालुक्याच्या वरच्या अंगाला उजनीचा फुगवटा आहे, भिगवणचे रोहित पक्षी त्याच पाण्यावर उतरतात. मधल्या पट्ट्यात कालवे, चाऱ्या, शेततळी आणि विहिरी. बारामती-इंदापुरात नाल्यात सोडलेलं कोणतंही पाणी शेवटी कुणाच्या तरी उसात, विहिरीत नाहीतर गोठ्यातल्या हौदात पोहोचतं. रंगाचं सांडपाणी कसं शुद्ध होतं, हे इथल्या माणसाला म्हणूनच नीट माहीत असायला हवं.

बारामतीच्या एमआयडीसीत टेक्स्टाइल पार्क आहे. पण शिवणकामातून रंगाचं पाणी निघत नाही, हे आधी स्पष्ट करतो. ते निघतं सूत आणि कापड रंगवताना, छपाईत आणि रंगीत कपड्यांच्या औद्योगिक धुलाईत. ही कामं मोठ्या प्रमाणावर चालतात ती सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी या गावांत. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणारं तपकिरी स्पेंटवॉशही या लेखाचा विषय नाही. त्याचा रंग मळीतल्या साखरेपासून तयार झालेला असतो आणि त्याची वाट वेगळी आहे. आपण बोलणार आहोत ते कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम रंगांबद्दल.

पुढचा प्रत्येक टप्पा वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: रंग गेला कुठे? पाणी नितळ दिसलं की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण रंग दिसेनासा होणं आणि रंग नाहीसा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्धीकरणातल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

रंग इतका चिवट का?

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून क्विनाइन बनवू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. तोवर आपलं काम नीळ, मंजिष्ठा, हळद यांच्यावर चालत होतं. पर्किननंतर हजारो कृत्रिम रंग आले. ऊन, साबण, घाम यांना दाद न देणं हाच त्यांचा गुण. कापडावर जो गुण, तोच पाण्यात अवगुण ठरतो, कारण उन्हाला न विटणारा रंग नदीतही सहजासहजी विटत नाही.

यांतला सर्वात मोठा गट अ‍ॅझो रंगांचा. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांशी दुहेरी बंधाने जोडलेले असतात, त्या जोडीला अ‍ॅझो बंध म्हणतात. हा बंध तुटला की रंग जातो. मात्र मागे उरतात अरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे मूळ रंगाचे बिनरंगी तुकडे. त्यांतले काही रंगापेक्षाही घातक असतात. १८९५ साली जर्मनीतल्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने रंगकारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग आढळत असल्याचं मांडलं होतं. बेन्झिडीन हे अशाच अमाइनांपैकी एक. भारत सरकारने नव्वदच्या दशकात बेन्झिडीनवर आधारित रंग आणि काही अ‍ॅझो रंग, असे मिळून ११२ रंग वापरातून बाद केले. सगळेच कृत्रिम रंग विषारी असतात असं नाही. पण पाण्याकडे नुसतं पाहून कोणता रंग कसा, हे सांगता येत नाही.

सुती कापडाला आज मुख्यतः रिअ‍ॅक्टिव्ह रंग लावतात. हे रंग धाग्याशी रासायनिक जोड करतात. त्यासाठी रंगाच्या भांड्यात भरपूर मीठ आणि धुण्याचा सोडा घालावा लागतो. अडचण अशी की रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच जोड करून बसतो. तो पुन्हा वापरता येत नाही, सरळ गटारात जातो. रंग आणि छटेनुसार दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जाऊ शकतो. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम रंग असला तरी तो डोळ्याला दिसतो.

म्हणून पहिली पायरी शुद्धीकरण प्रकल्पात नाहीच, ती रंगाईच्या भांड्यापाशी आहे. वजन करून रंग घालणं, कमी पाण्यात रंगवणं, धाग्याला घट्ट धरणारे रंग निवडणं. वाया न गेलेला रंग काढावा लागत नाही. ज्यांचं युनिट छोटं आहे, त्यांनी पुढची यंत्रं पाहण्याआधी महिनाभर इथेच लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

जाळी आणि मोठी टाकी

आता पाणी ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात येतं. दारातच जाळी असते. तिच्यावर सुताचे तंतू, चिंध्या, कापसाचं पिंजण अडकतं. ही जाळी रोज साफ केली नाही की पंप गुंडाळला जातो आणि मग पाणी बाजूच्या नाल्यातून वाट काढतं.

पुढे इक्वलायझेशन टँक, म्हणजे दिवसभराचं पाणी एकत्र मिसळून एकसारखं करणारी टाकी. सकाळी काळा रंग, दुपारी ब्लीचचं पाणी, संध्याकाळी साबणाचं गरम पाणी, हे सगळं वेगवेगळं पुढे गेलं तर कोणताच डोस जमत नाही. टाकीत तळातून हवा सोडतात, म्हणजे पाणी ढवळलं जातं, निवतं आणि सडत नाही.

इथे होणारी चूक अगदी साधी असते. टाकी बांधताना दिवसभराचं पाणी मावेल अशी बांधलेली असते. नंतर यंत्रं वाढतात, टाकी तेवढीच राहते. पाणी चार तासांत पुढे ढकललं जातं आणि पुढचा प्रत्येक टप्पा लंगडतो. प्रकल्प चालत नाही अशी तक्रार असेल, तर आधी या टाकीचं माप आणि आजचं पाणी यांचा हिशोब मांडून पाहा.

आम्ल आणि अल्क

पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे पीएच या मापाने कळतं. सात म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्क. सोड्यामुळे रंगाईचं पाणी दहा-अकराच्या घरात असतं. आम्ल घालून ते खाली आणावं लागतं. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीही नाही. हातमोजे, चष्मा घालूनच.

एका धोक्याबद्दल इथे थांबून सांगतो. काळ्या रंगासाठी कुठे कुठे सल्फर रंग वापरतात. त्या पाण्यात सल्फाइड असतं. त्यात एकदम आम्ल ओतलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन तो वासही येईनासा होतो. माणूस जागीच कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. सल्फर रंगाचं पाणी वेगळं ठेवून त्यातलं सल्फाइड आधी हवेने किंवा ऑक्सिडीकरणाने संपवायचं, मगच आम्ल. आणि बंद टाकीत वायूची तपासणी, हवा खेळती करण्याची सोय, दोर आणि वर उभा माणूस यांच्याशिवाय कुणालाही उतरवायचं नाही. मालकाने सांगितलं तरी नाही.

तुरटी, हिराकस आणि काचेच्या सहा बरण्या

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. कोअ‍ॅग्युलेशन म्हणजे तेच. पाण्यातले बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात, तुरटी त्यांचं हे लोटणं थांबवते. मग ते एकत्र येऊन कापसासारखे गोळे होतात, त्यांना फ्लॉक म्हणतात. फ्लॉक जड व्हावा म्हणून शेवटी पॉली, म्हणजे लांब साखळीचं चिकट रसायन, अगदी थोडं घालतात. तुरटीऐवजी पीएसी हे अ‍ॅल्युमिनियमचं दुसरं रसायन किंवा हिराकस आणि चुना यांची जोडीही चालते.

डोस किती? हे शेजारच्या युनिटला विचारून ठरत नाही. जार टेस्ट करावी लागते, आणि ती आपण स्वतः करू शकता.

एक लिटर साध्या पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर, लिटरभर सांडपाण्यात घातला की दहा मिलिग्रॅमचा डोस होतो. सहा सारख्या काचेच्या बरण्यांत एकेक लिटर सांडपाणी घ्या. त्यांत अनुक्रमे १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० मिलिलिटर द्रावण घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास हात लावू नका. वरचं पाणी पांढऱ्या कागदासमोर धरून तुलना करा आणि खाली किती गाळ बसला तेही मोजा.

समजा ३० मिलिलिटरची बरणी सर्वात चांगली निघाली. म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम. पन्नास हजार लिटर पाण्याला पंधरा किलो तुरटी. आता हीच चाचणी पीएच बदलून पुन्हा करा. तुरटी साधारण सहा ते साडेसातच्या दरम्यान चांगलं काम करते. हिराकस-चुन्याला नऊच्या वरचं पाणी मानवतं. पीएच चुकला तर दुप्पट तुरटी घालूनही रंग हलत नाही. लोक मग तिप्पट घालतात, आणि मग गाळाचे ढीग लागतात.

आणखी एक गोष्ट. पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत, कणांच्या रूपात तरंगतात, म्हणून ते या टप्प्यात छान बसतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग पूर्ण विरघळलेले असतात, ते पुष्कळदा अर्धवटच निघतात. बरणीत रंग राहिला तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

रंग गेला कुठे? गाळात. गाळाकडे आपण शेवटी येऊ.

जिवाणूंचं काम

उरलेलं पाणी जैविक टाकीत जातं. तिथे कोट्यवधी जिवाणू पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य खातात. सुरुवातीला विरजण म्हणून चालू प्रकल्पातला गाळ किंवा शेण घालतात. कापडाला लावलेली खळ, म्हणजे पिष्ट, जिवाणूंना आवडते. रंग मात्र त्यांचं आवडतं खाद्य नाही.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू अ‍ॅझो बंध तोडतात आणि पाणी फिकं पडतं. पाहुण्याला दाखवायला हा क्षण फार छान असतो. पण सुरुवातीला सांगितलं तसं, रंगाच्या जागी बिनरंगी अमाइन्स आलेली असतात. ती संपवायला पुढे हवा असलेली टाकी लागते. पहिल्या टाकीनंतर पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून दुसरीचा हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवणं ही फसवणूक आहे, आणि ती नदीकाठच्या लोकांची होते.

जिवाणूंना सवयीचं वातावरण लागतं. एकदम मिठाचं पाणी आलं, ब्लीच आलं, तापमान चाळीसच्या वर गेलं की टाकी बसते. साप्ताहिक सुट्टीत उपासमार होते. तेव्हा थोडी मळी किंवा गुळाचं पाणी आणि नायट्रोजन-फॉस्फरससाठी युरिया, डीएपी थोड्या प्रमाणात देतात. लोडशेडिंगमध्ये ब्लोअरला जनरेटरचा आधार हवाच. टाकी एकदा मेली की ती पुन्हा रुजायला आठवडे लागतात.

बगॅसची राख आणि दहा गुंठ्यांचा कोळसा

आता आपल्या भागाच्या अगदी जवळचा टप्पा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांच्या गावांत वाढलेल्या माणसाला बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, वेगळा सांगायला नको. उसाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के बगॅस निघतो, बॉयलरमध्ये जळतो आणि राख उरते. या बगॅसचा किंवा राखेचा वापर रंग शोषायला करता येतो. जगभर त्यावर प्रयोग झाले आहेत आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनीही ते जरूर करावेत.

तत्त्व साधं आहे. याला अधिशोषण म्हणतात, म्हणजे रंगाचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून बसणं. बाजारातल्या सक्रिय कोळशात, म्हणजे विशेष प्रक्रियेने असंख्य छिद्रं पाडलेल्या कोळशात, एका ग्रॅमच्या आत हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर कोळशात सुमारे दहा गुंठे जमीन. राखेचा पृष्ठभाग त्यापेक्षा खूपच कमी असतो, पण ती जवळपास फुकट मिळते.

प्रयोग करायचा तर राख आधी धुवून, वाळवून, चाळून घ्या. लिटरभर रंगीत पाण्यात एक, दोन, पाच ग्रॅम अशी घाला, तासभर हलवत राहा, गाळा आणि रंग मोजा. एक बरणी राखेशिवाय ठेवा, नाहीतर रंग राखेने गेला की उन्हाने, हे कळणार नाही.

नेहमीची गफलत रंगाच्या निवडीत होते. प्रयोगशाळेत हाताशी असतं मेथिलीन ब्लू. त्याच्यावर धन विद्युत्भार असतो आणि राखेच्या, बगॅसच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण भार. दोघं लगेच एकमेकांना धरतात, नव्वद टक्के रंग गायब होतो आणि आनंद होतो. पण सुती कापडाच्या कारखान्यातले रिअ‍ॅक्टिव्ह रंग स्वतःच ऋण भाराचे असतात. तीच राख त्यांना लोटून देते. पाणी आम्लधर्मी केलं तर शोषण सुधारतं, पण मग आम्लाचा आणि नंतर परत अल्क घालण्याचा खर्च आला. विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मेथिलीन ब्लूवर सराव करा, निष्कर्ष मात्र खऱ्या सांडपाण्यावर काढा. त्यात मीठ असतं, साबण असतो, पाच रंग एकत्र असतात. तिथे पन्नास टक्के निघाले तरी ते मोलाचे आहेत.

आणि पुन्हा तोच प्रश्न. रंग गेला कुठे? राखेत. आपल्याकडे बगॅसची राख शेतात टाकण्याची पद्धत आहे. रंग शोषलेली राख शेतात, खतात किंवा वीटभट्टीत अजिबात जाता कामा नये. तिची गणती गाळाबरोबरच करायची.

रंग तोडणारी रसायनं

इतकं करूनही छटा राहिली तर ऑक्सिडीकरण करतात, म्हणजे रंगाचा रेणू जाळल्यासारखा फोडून टाकतात. ओझोन वायू हे काम चांगलं करतो, पण यंत्र महाग आणि विजेला भारी. दुसरा मार्ग फेंटन प्रक्रियेचा, ज्याचं मूळ हेन्री फेंटन यांनी १८९४ साली मांडलं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हिराकस, पाण्याचा पीएच तीनच्या आसपास. रंग भराभर जातो. अर्धवट डोस दिला तर मात्र रेणूचे तुकडे शिल्लक राहतात, म्हणून रंगाबरोबर सीओडीही मोजावा लागतो. सीओडी म्हणजे पाण्यातली सगळी घाण रासायनिक रीतीने जाळायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप. रंग गेला आणि सीओडी तसाच राहिला, तर समजा की घाण फक्त लपली आहे.

दोन पळवाटा आपल्याला कुणीतरी सुचवेलच. एक, पाण्यात ब्लीचिंग ओतणं. क्लोरीन रंग घालवतो आणि सोबत क्लोरीनयुक्त नवी विषारी संयुगं तयार करू शकतो. दुसरी, हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते अ‍ॅझो बंध तोडतं, पाणी पाच मिनिटांत नितळ होतं आणि अमाइन्स जशीच्या तशी नदीत जातात. तपासणीच्या दिवशी असं केलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी काढलेला नमुना अगदी नितळ होता.

मीठ, जे दिसत नाही

रंगाच्या चर्चेत मीठ विसरलं जातं. वरच्या एकाही टप्प्यात ते निघत नाही. कापडउद्योगाच्या सांडपाण्यासाठी २०१६ साली केंद्राने ठरवलेल्या मर्यादा पाहा: पीएच ६.५ ते ८.५, रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक, बीओडी, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, ३०, सीओडी २५० आणि विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर. शेवटचा आकडा गाठणं सर्वात अवघड.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला क्षारपड जमीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. काळ्या मातीत सोडियम साचला की माती फुगते, पाणी मुरत नाही, ऊस पिवळा पडतो. इथे हा प्रश्न इंग्रजांच्या काळापासून आहे. नितळ दिसणारं पण खारं सांडपाणी उसाला दिलं तर दोन-तीन हंगाम काही कळत नाही. नंतर जमीन सुधारायला जिप्सम आणि चरांवर पैसा ओतावा लागतो.

मीठ काढायला आरओ लागतं, म्हणजे दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून पार करणं. एका बाजूला चांगलं पाणी मिळतं, ते पुन्हा रंगाईला वापरता येतं. दुसऱ्या बाजूला रिजेक्ट, म्हणजे सगळं मीठ आणि उरलासुरला रंग असलेलं घट्ट पाणी. ते बाष्पीभवन यंत्रात आटवून कोरडं मीठ करावं लागतं. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीची दुर्दशा केली, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. थेंबभरही पाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था उभी केल्यावरच ते सुरू होऊ शकले. हे महाग आहे. छोट्या युनिटला एकट्याने झेपत नाही, म्हणून अनेकांनी मिळून एक प्रकल्प चालवण्याची वाट निघाली.

जवळ मीटर घ्यायचाच तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा मीटर घ्या. खिशात मावतो, फार महाग नसतो, आणि विहिरीचं पाणी दर महिन्याला मोजून ठेवलं तर बदल आपल्यालाच आधी कळतो. रंग मोजायचा असेल तर प्रयोगशाळेत जावं लागेल. नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख, वेळ, जागा लिहा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. फोटोपेक्षा असा नमुना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे जास्त बोलतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत तळोज्याच्या कासाडी नदीकाठची कुत्री निळी झाली, तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं. मीठ आणि अमाइन्स कुणाला निळं करत नाहीत.

गाळ

आता सगळा हिशोब जिथे येऊन थांबतो ती जागा. तुरटीचा गाळ, मेलेले जिवाणू, रंग शोषलेली राख किंवा कोळसा, आटवलेलं मीठ. गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या करतात, त्यांना केक म्हणतात. रसायनं घालून बसवलेला हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या नियमांनुसार तो सहसा नव्वद दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही आणि अधिकृत केंद्रातच पाठवावा लागतो. पुणे जिल्ह्यात असं केंद्र रांजणगावला आहे.

साठवणीची जागा पत्र्याखाली, सिमेंटच्या कोब्यावर, कडेने बांध घालून हवी. अनेक ठिकाणी बाकी सगळं व्यवस्थित असतं आणि केक मात्र कुंपणाच्या भिंतीशी उघड्यावर पडलेला असतो. उन्हाळाभर तो वाळत राहतो. मृगाचा पहिला पाऊस पडतो, आणि वर्षभर पाण्यातून काढलेला रंग एका संध्याकाळी ओढ्याला लागतो.

केक पाठवताना दहा नंबरचा फॉर्म भरतात, त्याच्या प्रती कारखाना, वाहतूकदार, केंद्र आणि मंडळाकडे राहतात. आपण एखाद्या प्रकल्पाला भेट दिलीत तर शेवटच्या नळाचं नितळ पाणी जरूर पाहा, पण नंतर गाळाची नोंदवही मागा. महिन्याभरात तुरटी, चुना आणि हिराकस किती आले, केक किती किलो बाहेर गेला, हे दोन आकडे शेजारी ठेवा. पोतीच्या पोती तुरटी आत गेली आणि केकची गाडी सहा महिन्यांत एकदाही निघाली नाही, तर गाळ कुठे आहे ते विचारा.